लावणीच्या कार्यक्रमात खरंच बक्षीस देणारा माणूस आधी ओळखता येतो का?

तुम्ही विचारलंय, समोर एवढी माणसं बसलेली असताना पैसे कोण सोडणार हे कलाकाराला कसं कळतं. कळतं, आणि बहुतेक वेळा पहिली लावणी संपायच्या आत कळतं. मी निपाणीची. आधी संगीत बारीत, म्हणजे नुसत्या लावणीच्या गाण्या-नाचाच्या पार्टीत होते, आता यात्रांच्या सुपाऱ्या घेते. चिकोडी, रायबाग, हुक्केरी, पलीकडं कागल, गडहिंग्लज.

लोक घोळक्यानं येतात, म्हणून एकेकट्या माणसाकडं बघून काही उमगत नाही. पुढं बसून शिट्ट्या मारणारा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात चेन, हा बऱ्याचदा दुसऱ्याच्या पैशावर आलेला असतो. त्याच्यामुळं कार्यक्रमाला रंग चढतो, त्याचा मान ठेवायचाच. पण खिसा मागं असतो. आत येताना बघा, मधली जागा कुणासाठी मोकळी ठेवली? चहाचा कप आधी कुणापुढं आला? बाकीचे बोलून झालं की कुणाच्या तोंडाकडं बघतात? तोच. निपाणी भागात तो बहुधा तंबाखूचा व्यापारी नाहीतर मोठा ऊसवाला असतो, आणि दिसायला अगदी साधा. पायात झिजलेली कोल्हापुरी, हातात चुन्याची डबी.

दुसरी खूण जास्त खात्रीची. लावणीत ढोलकी थांबते, नुसती पेटी चालू राहते आणि मी बसून अदा करते, तेव्हा नाचाला आलेले आपापसात बोलायला लागतात. ऐकायला आलेला गप्प होतो. त्याची मान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर हलते. मी पहिल्या लावणीत हेच शोधत असते, आणि आमचे पेटीमास्तर पण. थोड्या वेळानं त्याच्याकडून चिठ्ठी येते, नोटेत घडी घातलेली, वर जुन्या बैठकीच्या, म्हणजे बसून अदा करायच्या, लावणीचा मुखडा लिहिलेला. ती फर्माईश मन लावून केली की तो परत देतो, रात्र संपेपर्यंत देतो. चालू सिनेमातलं गाणं मागणारे एकदा देतात आणि त्याच नोटेवर तीनदा वन्स मोअर मागतात.

निवेदकानं नाव आणि गाव मात्र बिनचूक पुकारायला हवं. गोकाक, रायबागकडची मंडळी कानडी बोलणारी असतात, त्यांना "बर्री अण्णा, कुंदर्री", म्हणजे "या दादा, बसा", एवढं म्हटलं तरी चेहरा खुलतो. लावणी ते मराठीतूनच ऐकतात आणि समजून ऐकतात, हे मी छातीठोक सांगते.

हंगामाचंही आहे. उसाचं बिल कारखान्यानं 14 दिवसांत द्यायचं असा नियम आहे. बिलं वेळेवर निघाली की यात्रेत पाचशेच्या नोटा दिसतात, थकली की तोच माणूस पन्नास देतो आणि लाजतो. त्याला कमी लेखायचं नाही, पुढच्या वर्षी तोच येणार असतो. मिळालेलं बक्षीस एकटीचं नसतंच, ढोलकी, पेटी, तबला, मागं गाणाऱ्या बायका, सगळ्यांत वाटणी होते. त्यामुळं चुकीच्या माणसापुढं रात्र घालवली तर सगळ्या पार्टीचं नुकसान.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अख्खं बिल खिशात घालून आलेला पोरगा पण ओळखू येतो. एकटा बसतो, बंडल पुन्हापुन्हा काढून चाचपतो, शेजारच्या गावाचं नाव पुकारलं की लगेच त्याच्यावर चढ देतो. असा माणूस सगळ्यात जास्त पैसे सोडतो, आणि त्याच्यासाठीच मी निवेदकाला खूण करते की नाव पुकारू नको. नाव थांबलं की चढाओढ थांबते. त्याच्या घरात पेरणीचा खर्च असतो, सोसायटीचं कर्ज असतं. तसला पैसा आमच्या पार्टीला पचणार नाही असं मी माझ्या पोरींना नेहमी सांगते.

नोटा उधळणाऱ्यांबद्दल विचारलंत. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या डान्स बारच्या प्रकरणात बक्षीस द्यायला मुभा दिली आणि पैसे उधळायला मनाई कायम ठेवली. आमचं क्षेत्र वेगळं, पण मला ते पटतं. अंगावर फेकलेल्या नोटा चाळाखाली फाटतात, निम्म्या कडेची पोरं वेचून नेतात. हातात देणारा थोडं देईल, पण मान राखून देतो.

आणि "कार्यक्रमानंतर भेटू, नंबर द्या" म्हणणाऱ्याकडून बक्षीस येत नाही. नव्या पोरींनी त्याला तिथंच सांगावं, सुपारी ठरवायची असेल तर मॅनेजरशी बोला, आणि पुढच्या लावणीला उभं राहावं.