आकडा सांगायला लाजू नकोस

अरे,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी बघितला. "ताई, एनजीओच्या १२ मिनिटांच्या फिल्मचे ४० हजार सांगितलेत, जास्त नाही ना झाले?" चहा सांडायचा राहिला माझा. ४ दिवस शूट, त्यातले २ मुळशीत, कॅमेरा भाड्याचा, साउंडवाला वेगळा, एडिटला १५ दिवस, वर त्यांचे ते "छोटेसे चेंजेस". अरे राजा, तू स्वतःच्या खिशातून त्यांची फिल्म करून देणारेस.

पण चूक तुझ्या एकट्याची नाही. लॉ कॉलेज रोडला फिल्म आर्काइव्हमध्ये स्क्रीनिंग संपलं की बाहेर तासभर उभं राहून आपण लेन्सवर बोलतो, कटवर बोलतो, कुणाच्या फिल्मची सालं काढायची असतील तर चहाचा आणखी एक राउंड होतो, पण "तुला किती मिळाले रे?" म्हटलं की सगळ्यांना एकदम घरी जायचं असतं. कमाई विचारणं म्हणजे असभ्यपणा, हे आपल्या पुणेरी मध्यमवर्गी डोक्यात पक्कं बसलंय.

माझंच सांगते. एका संस्थेसाठी ऊसतोड कामगारांच्या मुलांवर फिल्म केली होती. करार वगैरे काही नाही, सगळं फोनवर, माणसं चांगली वाटली म्हणून. पुढे त्यातली एक मुलगी डोक्यातून जाईना, तिच्यावर स्वतःची फिल्म करायला घेतली आणि जुनं फुटेज वापरू का विचारलं तर सरळ नाही म्हणाले. मला वाटत होतं कॅमेरा मी धरलाय, उन्हात मी उभी होते, फुटेज माझंच. तसं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट अ‍ॅक्टचं १७ वं कलम आहे, पैसे देऊन कुणी फिल्म करून घेतली आणि वेगळा करार नसला तर पहिला मालक करून घेणारा. वकिलाने हे सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. आणि खरा राग नंतर आला, कारण दोन मित्रांना त्याच संस्थेने अगदी तसंच केलं होतं. दोघंही दर महिन्याला भेटायचे! एकानेही तोंड उघडलं नाही, आपण फसलो हे सांगायची लाज. मी तरी कुठे सांगितलं म्हणा, तुलाच पहिल्यांदा सांगतेय.

म्हणून कोटेशनमध्ये एक ओळ टाक, रॉ फुटेज माझ्या स्वतःच्या कामासाठी वापरायची परवानगी राहील. फार तर नाही म्हणतील, पण आधी कळेल. चेंजेसचे २ राउंड, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. अर्धे पैसे खात्यात आल्याशिवाय कॅमेरा बुक करायचा नाही. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या व्यावसायिकांची सरकारी नोंदणी, करून टाक, ऑनलाइन होतं, फुकट आहे, आणि छोट्या व्यावसायिकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं असा कायदा आहे, बिलावर नुसता तो नंबर दिसला तरी अकाउंट्सवाले जरा नीट बोलतात. टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापून घेतलेला आयकर, कापला तर तो आयकर खात्याच्या साइटवर तुझ्या नावावर दिसतोय का बघ, मी पहिली बरीच वर्षं बघितलंच नव्हतं.

तू लिहिलंयस की ही कामं करताना आपण विकले गेलो असं वाटतं. नको वाटू देऊस. माझं घरभाडं याच फिल्म्सनी भरलंय. मात्र स्वतःच्या फिल्मसाठी आठवड्यातला एक दिवस बाजूला काढ, नाहीतर ती हार्ड डिस्कमध्येच म्हातारी होते. पुण्यातल्या प्रत्येक डॉक्युमेंटरीवाल्याकडे दिवे घाटातल्या पालखीचं फुटेज पडून आहे, माझ्याकडे तर ३ वर्षांचं आहे, हसू नकोस.

आणि तुझ्या स्वतःच्या फिल्मचा रफ कट, म्हणजे एडिटची पहिली कच्ची जुळणी. दोस्तांना दाखवतोस ते "भारी आहे" म्हणतात, त्याचा उपयोग शून्य. त्यांना विचार, कंटाळा कुठे आला, मोबाइल कधी हातात घेतला. नुसतं मागे बसून बघितलंस तरी कळेल. आजीच्या इंटरव्ह्यूत मागे पंखा घरघरतोय, मला ११ व्या मिनिटाला ऐकू आला, पुढच्या वेळी बंद कर आणि निघताना अर्धा मिनिट नुसता खोलीचा आवाज घे.

रविवारी कोटेशनची प्रिंट घेऊन घरी ये, आकडा नव्याने बसवू. त्या संस्थेने फसवलेल्या दोन मित्रांपैकी एकालाही बोलावलंय. तो अजून पूर्ण पैशाची वाट बघतोय, आणि मी काय विचारणार आहे ते त्याला माहीत नाही.

तुझी ताई