गेटबाहेरचा अपघात : जबाबदारी कुणाची?

प्रश्न : माझा भाऊ 35 वर्षांचा होता, पगार 22 हजार. मार्च 2025 मध्ये रात्रपाळीला मोटारसायकलवरून जाताना ट्रकच्या धडकेत गेला. कंपनी म्हणते, 'तो गेटच्या आत आलाच नव्हता, हजेरी लागली नव्हती, आमचा संबंध नाही.' वहिनीने काय करावे?

उत्तर : कंपनीचे हे म्हणणे बरीच वर्षे चालून गेले. कारखान्यापासून किलोमीटरभरावर सायकलवरच्या कामगाराला झालेला अपघात नोकरीतला नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच 1996 मध्ये ठरवले होते. 2010 मध्ये राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय कायद्यात कलम 51-ई आले आणि घर ते काम, काम ते घर हा प्रवासही नोकरीत धरला जाऊ लागला. पण 21 हजारांवर पगार असलेले सहसा ईएसआयच्या बाहेर. त्यांच्यासाठी 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता आणि त्यात असे कलम नव्हते.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही फट बुजवली. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार 2003 मध्ये पहाटे 3 च्या पाळीला निघाला आणि कारखाना 5 किलोमीटरवर असताना अपघातात गेला. 51-ई मागचे तत्त्व 1923 च्या कायद्यालाही लागू आहे, असे न्यायालयाने म्हटले. (त्या घराला हे ऐकायला 22 वर्षे लागली, हेही लक्षात असू द्या.) अट एकच : अपघाताची वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी धागा जुळला पाहिजे. पाळीचा तक्ता आणि पंचनाम्यातली वेळ-जागा जपून ठेवा, दावा त्यावरच उभा राहतो.

रक्कम अशी निघते : पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार कायद्याच्या तक्त्यात दिलेला गुणांक. पगार 15 हजारांहून कितीही जास्त असला तरी 15 हजारच धरतात. वय 35 चा गुणांक 197.06, म्हणजे 7,500 × 197.06 = 14,77,950 रुपये. महिन्याभरात कंपनीने भरले नाहीत तर 12 टक्के व्याज, शिवाय दंड. अर्ज अपघातापासून 2 वर्षांच्या आत नुकसानभरपाई आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे करा. ट्रकच्या विम्याकडून मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागता येते, पण दोन्हींपैकी एकच वाट निवडावी लागते. तिथे रक्कम बहुधा मोठी मिळते, मात्र ट्रकचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. नुकसानभरपाई आयुक्तांपुढे चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : सुटल्यावर मित्राच्या वाढदिवसाला उलट दिशेला गेलो, तिथून रात्री 11 ला परतताना पडलो. भरपाई मिळेल?

उत्तर : अवघड आहे. वाटेत भाजी घ्यायला थांबलात तर भांडता येईल, इथे धागा तुटलाच आहे.

प्रश्न : मी औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. डॉक्टरांच्या भेटींच्या फेरीत स्कूटर घसरली, पाय मोडला. हेल्मेट नव्हते म्हणून कंपनी चूक माझी म्हणते.

उत्तर : फिरतीची नोकरी असेल तर रस्ता हीच तुमची कामाची जागा, इथे 51-ई चीही गरज नाही. कायद्यात मालकाला सुटका मोजक्याच कारणांनी मिळते : दारू किंवा नशा, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला आदेश जाणूनबुजून मोडणे, सुरक्षेचे साधन मुद्दाम काढणे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तीही चालत नाहीत. कंपनीने हेल्मेटचा लेखी आदेश दिला होता का, ते आधी विचारा. आणि मोडलेल्या पायाला हेल्मेटने काय वाचवले असते, हेही विचाराच.

प्रश्न : कंत्राटदाराच्या कामावर जाताना वडील गेले. त्याने 2 लाख रोख देऊन 'यापुढे काही मागणार नाही' असे लिहून घेतले. आता सगळे संपले?

उत्तर : नाही. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, थेट हातात दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही. हक्क सोडल्याचा कागद त्या प्रमाणात निरर्थक ठरतो. काम ज्या कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग होते, त्या मूळ कंपनीवरही दावा करता येतो, पण अपघात तिच्या कामाच्या जागेवर किंवा तिच्या आसपास झाला असेल तरच; कंत्राटदाराकडून वसुली ती नंतर करील. अपघात 21 नोव्हेंबर 2025 किंवा त्यानंतरचा असेल तर अर्ज 1923 च्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेखाली करा. जाण्यायेण्याच्या अपघाताची तरतूद त्यात मुळातच आहे. 2 लाख मिळाल्याचे अर्जात लपवू नका.