रेटिंग ९ की ५? लेकीच्या हायस्कूलबद्दल विचारलंत म्हणून

ताई, नमस्कार. तुमचं सगळं वाचलं. मिस्टरांची नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीतून न्यू जर्सीला बदली, लेक आठवी पास, सेमी इंग्लिश, इंदिरानगरचं घर भाड्याने देऊन जुलैत निघायचं. एडिसनच्या आसपास दोन घरं बघून ठेवलीत. एकाच्या हायस्कूलला १० पैकी ९ रेटिंग आणि निम्म्याहून जास्त मुलं ‘एशियन’. दुसऱ्याला ५, तिथे ‘हिस्पॅनिक’, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घरांतली मुलं जास्त, बरीचशी ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’, पण घरभाडं चांगलंच कमी. दुसऱ्या शाळेत घातलं तर मुलगी मागे पडेल का, हा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर: नाही पडणार. मात्र नववीत तिला गणिताच्या कोणत्या वर्गात बसवतात, याकडे तुम्ही पहिल्या दिवसापासून लक्ष द्यायला हवं. मला ती गोष्ट रेटिंगपेक्षा मोठी वाटते, आणि का वाटते तेही सांगते.

आधी रेटिंगचं बघू. दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे कॉलेज रोडवर फ्लेक्स झळकतात, ‘शंभर टक्के निकाल’ आणि खाली मुलांचे फोटो. आपल्याला ठाऊक असतं की काही शाळा प्रवेशालाच मुलं पारखून घेतात आणि कच्च्या मुलाच्या आईवडिलांना नववीत बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ म्हणतात. इथे अमेरिकेतल्या साध्या पब्लिक स्कूलला, म्हणजे सरकारी शाळेला, तसं करता येत नाही. ज्या हद्दीत घर, त्या हद्दीची शाळा. काल विमानातून उतरलेलं, इंग्रजीचा गंधही नसलेलं मूल घ्यावंच लागतं. कागदपत्रं नाहीत म्हणून परदेशी मुलांना शाळा नाकारता येणार नाही, असा सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा निकाल आहे. त्यामुळे रेटिंगमागची शाळेच्या गुणांची सरासरी बरीचशी त्या गावात कोण राहतं हेच सांगते. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने १९६६ साली सरकारसाठी देशभरातल्या शाळांची मोठी पाहणी केली होती. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळतो, हे त्यात दिसलं. आई-बाप दोघं इंजिनिअर, मुलं संध्याकाळी क्लासला, आणि गुण मात्र शाळेच्या खात्यावर.

कमी रेटिंग म्हणजे शाळेकडे पैसा नाही, असंही धरून चालू नका. इथे शाळा मोठ्या प्रमाणात घरपट्टीवर चालतात, आणि न्यू जर्सीत ती देशात सगळ्यात जास्त, सरासरी वर्षाला १०,००० डॉलरच्या आसपास. तुमच्या पहिल्या घराच्या भाड्यात तीच दडलेली आहे. पण ‘अ‍ॅबट विरुद्ध बर्क’ या गाजलेल्या खटल्यानंतर पर्थ अँबॉय, न्यू ब्रन्सविक अशा ३१ गरीब जिल्ह्यांना राज्य जादा पैसे देतं. इथे जिल्हा म्हणजे शाळांचा जिल्हा, बहुतेक वेळा एका गावापुरता.

राज्य सरकार दरवर्षी प्रत्येक शाळेचा ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’ काढतं. दोन्ही शाळांचे रिपोर्ट शेजारी-शेजारी उघडा आणि वरची सरासरी सोडून खाली जा. तिथे गटवार आकडे असतात: एशियन, हिस्पॅनिक, इंग्रजी शिकणारी मुलं, अपंग मुलं, आर्थिकदृष्ट्या दुर्बल. (‘एशियन’ या एका रकान्यात चिनी, कोरियन, फिलिपिनो आणि आपण सगळे येतो, त्यामुळे त्या आकड्यालाही फार भुलू नका.) ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’ हा शेवटचा गट बहुतेक मोफत किंवा सवलतीच्या जेवणावरून ठरतो. केंद्र सरकारच्या नियमाने दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेलं घर त्यात बसतं. रात्रपाळी करणाऱ्या एकट्या आईची हुशार मुलगीही त्यात येते.

चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण बघा. राज्यात ते ९० टक्क्यांच्या वर आहे. आणि एपीचे विषय बघा. एपी म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय. मे महिन्यात परीक्षा, १ ते ५ गुण, ३ किंवा वर मिळाले तर बऱ्याच विद्यापीठांत क्रेडिट, म्हणजे तो विषय तिथे झाला असं धरतात. ५ वाल्या शाळेत एपी कॅल्क्युलस आणि एपी फिजिक्स शिकवतात का, किती मुलं बसतात, हे पाहा. दोन्ही असतील तर तुमच्या लेकीसाठी वाट मोकळी आहे.

आता माझं. आम्ही २०१४ च्या ऑगस्टमध्ये पंचवटीतून इथे आलो. मुलगा मराठी माध्यमातून नववी करून आलेला, म्हणून इथे दहावीत घेतला. मुलांचे विषय ठरवून देणाऱ्या काउन्सेलरबाईंनी मार्कशीट उलटीपालटी करून पाहिली. ‘गणित’ आणि पुढे एक आकडा, त्यातून त्यांना काय कळणार? आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षी जोडीने चालतात. इथे अख्खं वर्ष अल्जिब्रा वन, पुढचं वर्ष जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस, शेवटी कॅल्क्युलस. एक पायरी हुकली की वरची सगळी मागे सरकतात. त्यांनी त्याला अल्जिब्रा वनमध्ये घातलं, नववीच्या मुलांबरोबर. मी मान डोलावली. शाळा सांगते म्हणजे बरोबरच असणार, असं वाटलं.

नोव्हेंबरात त्याची वही हातात आली. पहिली आठ-दहा पानं उदाहरणांची, उरलेल्या पानांवर क्रिकेटचे स्कोअर. म्हणाला, “आई, हे सगळं मी नाशिकलाच केलंय.” त्या रात्री बॅगेतून बीजगणित-भूमितीची पुस्तकं काढली आणि ओट्याशी उभी राहून दोन्हींच्या अनुक्रमणिका ओळीने इंग्रजीत उतरवल्या. दोन कागद भरले. दुसऱ्या दिवशी ते वाचून बाईंनी लगेच त्याची चाचणी घेतली, तो पास झाला, पण जॉमेट्रीच्या वर्गात जागा उरली नव्हती. पुढे उन्हाळ्यात जॉमेट्री करून तो बारावीला प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोचला. कॅल्क्युलस शाळेत झालंच नाही. इंजिनिअरिंगचे अर्ज भरताना ती रिकामी जागा मला टोचत राहिली.

म्हणून म्हणते, पुढच्या वर्षाचे विषय इथे वसंतातच ठरतात, तुम्ही येईपर्यंत वर्ग भरत आलेले असतील. आत्ताच काउन्सेलरला इमेल करा आणि ‘मॅथ प्लेसमेंट टेस्ट’ मागा. सेमीमुळे लेकीचं गणिताचं पुस्तक इंग्रजीत आहे, त्याच्या अनुक्रमणिकेचा फोटो जोडा.

मिश्र शाळेतली एक गोष्ट मात्र मला आजही बोचते. कॉरिडॉरमध्ये दिसणारी मुलं आणि एपीच्या वर्गात दिसणारी मुलं वेगळी असतात. वरच्या वर्गात कोण बसणार हे पुष्कळदा पालकांनी विचारलं का, यावर ठरतं. ज्यांना विचारायचं माहीत नाही त्यांची मुलं खाली राहतात. मीही त्यांतलीच होते.

आणि ९ वाल्या शाळेत सगळं गोड असतं असं समजू नका. आपल्या लोकांची दाट वस्ती असलेल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो जिल्ह्यात २०१५ साली शाळांचे अधीक्षक डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांना मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना सोळा पानी पत्र लिहावं लागलं. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या. तुमची लेक शांत, आपल्या गतीने शिकणारी आहे असं लिहिलंत. मी तुमच्या जागी असते तर ५ वालं घर घेतलं असतं, एपीचे आकडे बरे असतील तर.

कागदांचं थोडक्यात. भाडेकरार आणि वीजबिल, मागच्या दोन-तीन वर्षांच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आणि लसीकरणाचं कार्ड, प्रत्येक डोसची तारीख घालून डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह. इथे सहावीपासून पुढच्या मुलांना टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंजायटिसची लस लागते. फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता विचारतील, तिथे मराठीच लिहा. इंग्रजीची छोटी परीक्षा घेतील, सेमीच्या मुलीने घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

दोन्ही रिपोर्ट उघडून बसा आणि रविवारी तुमच्या रात्री नऊला फोन करा, आपण एपीचे रकाने मिळून बघू.