वाचकांचे प्रश्न : रत्नागिरी बंदर

प्रश्न : रत्नागिरी १८२२पासून जिल्ह्याचे ठाणे आहे, समुद्र दाराशी आहे. तरी मुंबई किंवा गोव्यातल्या मुरगावसारखे मोठे बंदर तिथे का झाले नाही?

उत्तर : दोष समुद्राचा कमी, सह्याद्रीचा जास्त. बंदर चालते ते पाठीमागच्या मुलखावर. कोल्हापूरकडचा गूळ, तंबाखू असा माल पूर्वी आंबा घाटाने खाली उतरे आणि परतीला मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाई. हा व्यवहार आगगाडीने मोडला. बोरघाटातून गाडी १८६३मध्ये धावू लागली, दक्षिणेला कॅसलरॉकवरून मुरगावपर्यंत रूळ गेले आणि १८९१मध्ये कोल्हापूर मिरजेला जोडले गेले. पुण्याला अरुंद रुळांवरून रुंद रुळांवर माल बदलावा लागे खरा, पण ती वाट बारमाही होती.

रत्नागिरीत तसे नव्हते. आगबोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही. म्हणजे बैलगाडीतून किनाऱ्यावर, किनाऱ्यावरून पडावात म्हणजे लहान होडीत, पडावातून बोटीत असे तेच पोते तीनदा उचलायचे. दर वेळी हमाली, वर फुटतूट आणि भिजणे. त्यात पावसाळ्याचे महिने वाहतूक बंद. व्यापारी रेल्वेकडे वळले यात नवल नाही.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण सुरू झाली, पण ती किनाऱ्याला समांतर जाते, घाट चढत नाही. घाटावर जायला आजही ट्रकच. वैभववाडी–कोल्हापूर मार्ग २०१६-१७च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला, पण तो अजून झालेला नाही. आमच्या मते नव्या जेटीपेक्षा या मार्गाची गरज आधी आहे.

प्रश्न : रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदराच्या तोंडाशी मच्छीमार नौका गाळात रुतल्याच्या बातम्या येतात. भरतीची वेळ तर सगळ्यांना ठाऊक असते, मग असे का होते?

उत्तर : वेळ काढायची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती आणि पुढची साधारण १२ तास २५ मिनिटांनी. हा ठोकताळा मुंबईच्या आसपास बसतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे रत्नागिरीत पाणी मुंबईच्या आधी चढते आणि आधीच उतरू लागते. हिशेबाच्या वेळेवर विसंबणाऱ्या तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्याला, तोंडाशी ओहोटी लागलेली मिळते.

वेळ बरोबर आली तरी उंची चुकते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी भरपूर असते, पण अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि पूर्ण भरतीलाही पाणी बेताचेच चढते. उधाणाला सहज आत आलेली नौका आठवड्याने त्याच जागी टेकते. डिझेल, बर्फ आणि पिण्याचे पाणी भरून निघताना तर ती जड झालेली असते आणि आधी टेकते ती पंख्याकडची, म्हणजे मागची बाजू.

टेकल्यावर पंखा जोरात फिरवणे ही नेहमीची चूक. पंखा गाळ ढवळतो, तो इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या नळीत शिरतो, जाळी तुंबते आणि इंजिन तापते. भरती चढत असेल तर इंजिन न्यूट्रलला घ्यावे, नौका आणखी वर सरकू नये म्हणून खोल पाण्याच्या बाजूला नांगर टाकावा, मागचे वजन पुढे हलवावे आणि पाण्याची वाट पाहावी. ओहोटी असेल तर एक मिनिटही दवडू नये. रुतलेली नौका ज्या दिशेने आली त्याच दिशेला दुसऱ्या नौकेने तिला ओढावे, पण हळू. हिसका दिला की दोर तुटतो.

गाळ एकदा काढून भागत नाही. बंधाऱ्याच्या आडोशाला पाणी संथ होते आणि लाटांबरोबर आलेली वाळू तिथेच बसते. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे १ ऑगस्टची पहिली नौका पावसाळ्यात बदललेल्या तळावरून बाहेर पडते. म्हणून बंदी उठण्याआधी तोंडाची खोली मोजून आकडे धक्क्यावर लावलेच पाहिजेत. जुन्या वाटेच्या आठवणीवर नौका सोडणे धोक्याचे आहे.

प्रश्न : जयगडला मोठी जहाजे येतात. त्याचा रत्नागिरी शहराला फायदा होतो का?

उत्तर : थेट फार थोडा. शास्त्री नदीच्या मुखाशी असलेल्या त्या बंदरात कोळशासारखा सुटा माल मोठ्या प्रमाणात उतरतो, आणि शेजारीच १२०० मेगावॉटचे वीजकेंद्र आहे. रस्त्याने जाणारा माल निवळीला महामार्ग धरतो, तेव्हा त्याला शहरात शिरायचे कारणच नसते. शहराच्या बाजारात पैसा खेळतो तो मासळीमुळे. नौका धक्क्याला लागली की बर्फ कारखाना, डिझेल पंप, जाळी दुरुस्त करणारे, क्रेट उचलणारे, मासळी निवडणाऱ्या बायका आणि ट्रकवाले, सगळ्यांना त्याच दिवशी काम मिळते.