इंग्लंडच्या प्लिमथमधलं स्मीटन्स टॉवर हे दीपगृह समुद्रात नसून हिरवळीवर का आहे?

तुम्ही फोटो पाहून विचारलंय की जिथे एकही खडक नाही अशा हिरवळीवर दीपगृह कुणी आणि का बांधलं. ते तिथे बांधलेलंच नाही. प्लिमथपासून सुमारे 14 मैलांवर भर समुद्रात एडिस्टोनचे खडक आहेत, तिथून ते उतरवून आणलंय.

त्या खडकांवर हे तिसरं दीपगृह. पहिलं हेन्री विन्स्टन्लीचं, 1698 मधलं. 1703 च्या महावादळात ते वाहून गेलं आणि त्या रात्री आत असलेला विन्स्टन्लीही गेला. दुसरं बरंचसं लाकडी होतं, ते 1755 मध्ये जळालं. आग विझवताना वर पाहणाऱ्या 94 वर्षांच्या रखवालदाराच्या घशात छपराचं वितळलेलं शिसं गेलं. त्याचं म्हणणं कुणाला खरं वाटेना. बारा दिवसांनी तो वारला, तेव्हा पोटात शिशाचा गोळा सापडला.

मग जॉन स्मीटन हा इंजिनिअर आला. मीही सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे माझा जीव इथेच अडकतो. ओकच्या झाडासारखा बुंध्याशी रुंद, वर निमुळता आकार त्याने घेतला. सुतार फळ्या सांधतात तशा डव्हटेल खाचा पाडून दगड एकमेकांत आणि खालच्या खडकातही गुंतवले. साधा चुना पाण्यात टिकेना, म्हणून त्याने ठिकठिकाणचे चुनखडक तपासले. चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडकाचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हे त्याला उमगलं. पुढच्या सिमेंटची वाट इथूनच निघाली. 16 ऑक्टोबर 1759 ला दिवा लागला: 24 मेणबत्त्या!

सव्वाशे वर्षं मनोरा टिकला, पण पायाखालचा खडक लाटांनी पोखरला. मोठी लाट आदळली की मनोरा हादरायचा. शेजारच्या खडकावर जेम्स डग्लसने नवं दीपगृह बांधलं, ते 1882 मध्ये सुरू झालं. जुन्याचा वरचा भाग दगड-दगड सुटा करून किनाऱ्यावर आणला, नव्या चौथऱ्यावर चढवला आणि 1884 मध्ये लोकांसाठी खुला केला.

जाल तेव्हा 93 पायऱ्या चढाच. जिना अरुंद आहे, वर तर जवळजवळ शिडीच, त्यामुळे पाठीवरची मोठी पिशवी नकोच. हवा स्वच्छ असेल तर दिव्याच्या खोलीतून समुद्राकडे नीट बघा. क्षितिजावर डग्लसचं दीपगृह दिसेल आणि त्याच्या बाजूला एक थोटका बुंधा. तो स्मीटनचाच, मागे राहिलेला.