बाखच्या इन्व्हेन्शन्स (दोन हातांत दोन स्वतंत्र सुरावटी असलेल्या छोट्या रचना) पियानोवर वाजवताना सूर लांबवणारं सस्टेन पेडल दाबायचं का?

जवळजवळ नाहीच, बसवताना तर पाय पेडलवरून काढूनच ठेवा. हार्पसिकॉर्ड, क्लाविकॉर्ड या पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्यांना सस्टेन पेडल नसतंच, बोट उचललं की सूर बंद, आणि हे संगीत त्याच वाद्यांवरचं आहे. पहिली सी मेजरची घ्या, उजवा हात सा रे ग म रे ग सा प म्हणतो आणि अर्ध्या बारनंतर (बार म्हणजे तालाचा एक भाग) डावा तेच खालच्या सप्तकात म्हणतो, पेडल दाबलंत की दोघांचा नुसता काला! बाखने स्वतः १७२३ च्या प्रतीवर लिहिलंय की यातून गायकीसारखं वाजवायला शिका, मग ते गाणं बोटांनीच जोडा, पुढची पट्टी दाबेपर्यंत आधीची सोडू नका. फक्त शेवटच्या कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांना) किंवा हात न पोचणाऱ्या उडीला पेडल जरासं, अर्धंच दाबलेलं चालतं, छान गोलाई येते.