कॅफेतलं गाणं, सलूनमधला रेडिओ, लग्नातला डीजे

पुण्यात माझा छोटा कॅफे आहे. स्पॉटिफायचे पैसे दरमहा भरतो, तरी गाण्यांच्या परवान्याची नोटीस आली. पुन्हा पैसे कशाचे?

तुम्ही भरता ते स्वतः ऐकण्याचे. 'वैयक्तिक, अव्यावसायिक वापर' असं त्यांच्या अटींतच लिहिलेलं असतं (त्या वाचतो कोण, हे सोडा). गिऱ्हाइकांना गाणी ऐकवण्यासाठी कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे वेगळी परवानगी लागते. शिवाय गाण्यात शब्द आणि चालीचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. पहिल्यासाठी आयपीआरएस, दुसऱ्यासाठी आरएमपीएल, या हक्कधारकांच्या वतीने परवाने देणाऱ्या नोंदणीकृत संस्था आहेत.

खरा घोळ पीपीएल आणि नोव्हेक्स यांचा. त्या अशा नोंदणीकृत संस्था नाहीत, पण बऱ्याच लेबलांचे, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपन्यांचे, हक्क त्यांच्याकडे आहेत. हक्क रीतसर नावावर करून घेतले असतील तर मालक म्हणून त्यांना परवाना देता येतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये ठरवलं. एप्रिल 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने वेगळं मत दिलं आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. महाराष्ट्रातल्या दुकानदाराने मुंबईचा निकाल धरून चालावं.

नोटीस फाडू नका; घाबरून लगेच चेकही फाडू नका. कोणत्या लेबलांचे हक्क आहेत त्याची यादी आणि हस्तांतरणाचा कागद लेखी मागा. त्यातलं एकही गाणं तुमच्याकडे वाजत नसेल, तर तो परवाना घेण्याचं कारण नाही. वाजत असेल, तर मात्र टाळाटाळ नको: कलम 63 मध्ये 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे.

सलूनमध्ये आम्ही फक्त एफएम लावतो. रेडिओवाल्यांनी पैसे भरलेलेच असतात ना?

असतात, पण त्यांच्या प्रसारणाचे. दुकानात ते गिऱ्हाइकांना ऐकवणं त्यात येत नाही.

आमच्या खाणावळीत जुनी भावगीतंच लागतात. त्यांनाही परवाना?

थोडा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो, म्हणजे 1963 ची तबकडी 2024 पासून मोकळी. शब्द आणि चालीची 60 वर्षं मात्र कवी-संगीतकाराच्या निधनानंतर मोजतात. गदिमा 1977 मध्ये गेले, त्यांचे शब्द 2037 अखेरपर्यंत हक्कात. सुधीर फडके 2002 मध्ये गेले, त्यांच्या चाली 2062 पर्यंत. तबकडी फुकट, गाणं नाही. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे, पण चाल अलीकडची असेल तर तिलाही मालक असतो.

गोव्यात आमचा हॉल आहे. लग्नाला परवाना लागत नाही, असं वऱ्हाडी सांगतात.

बरोबर सांगतात. कलम 52(1)(za) मध्ये धार्मिक विधींना सूट आहे आणि त्यात वरात व लग्नाशी जोडलेले समारंभही धरले आहेत. गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये याबद्दल परिपत्रक काढलं होतं. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्टमध्ये ते रद्द केलं. परिपत्रक गेलं, कलम आहे तिथेच आहे. तेव्हा वऱ्हाड्यांच्या बिलात 'म्युझिक लायसन्स'ची रक्कम लावू नका. थर्टी फर्स्टची पार्टी किंवा कंपनीचं डिनर असेल तर मात्र परवाना लागेल. आणि उघड्या लॉनवर डीजे असेल तर रात्री 10 ची मर्यादा लग्नालाही आहे.